महागडा अ‍ॅम्प घेण्याआधी

दिवाळी सरून तुळशीची लग्नं लागली की शहापूर-मुरबाडच्या गावांत हळदीच्या सुपाऱ्या सुरू होतात. वासिंदपासून कसाऱ्यापर्यंत आणि सरळगावपासून टोकावड्यापर्यंत मांडव उभे राहतात आणि बेंजो वाजवणाऱ्यांच्या डोक्यात जुना किडा पुन्हा वळवळू लागतो: यंदा अ‍ॅम्प चांगला घ्यायचा. चांगला म्हणजे कुठला, हे हल्ली मोबाईल ठरवतो. अमेरिकेतला कुणी स्टील गिटारवाला छोट्याशा लाकडी पेटीसमोर बसून मधासारखा आवाज काढतो. पेटी एका कारागिराने हाताने बांधलेली, वर्षाला मोजक्याच निघणारी, आणि तिची किंमत रुपयांत मांडली तर एखाद्या पार्टीची अख्ख्या मोसमाची बिदागी तिच्यात जावी अशी. आपला बेंजो आणि त्यांची स्टील गिटार यांचं नातं जवळचंच आहे. दोन्हींत धातूच्या तारा, खाली चुंबकाचा पिकअप, आणि अ‍ॅम्पवाचून दोन्हींना आवाज जवळपास नाही. म्हणून बेंजो किंवा हवाईयन गिटार वाजवणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला तो मोह होणं स्वाभाविक आहे. त्या मोहाचा हिशेब इथे मांडतो. माझं मत आधीच सांगून ठेवतो: स्टीलच्या वादकाने अ‍ॅम्पमध्ये विकत घ्यायची गोष्ट मुख्यतः एकच आहे, ती म्हणजे न फाटता मोठा होणारा आवाज. तिची किंमत मोजता येते आणि ती फार नाही. तिच्या वर जे पैसे जातात ते कारागिराच्या मजुरीचे, दुर्मीळपणाचे आणि हौसेचे असतात. हौसेला माझी हरकत नाही, पण आधीची चार कामं उरकल्याशिवाय ती करू नये.

न फाटणाऱ्या आवाजाचा हट्ट स्टीललाच एवढा का, ते आधी पाहू. रॉक वाजवणारा साधा गिटारवाला अ‍ॅम्प मुद्दाम फाडतो. त्याच्या संगीताचा तो रंगच आहे. आपलं तसं नाही. हवाईयन गिटारवर लोखंडी रूळ तारांवरून सरकतो आणि सूर सलग वाहतो. बेंजोवर उजव्या हाताची नखी चालू असताना बाजूच्या तारा सतत आस देत राहतात. म्हणजे एक सूर स्थिर आणि दुसरा हलता, असं जवळजवळ नेहमीच चालू असतं. अशा वेळी अ‍ॅम्प त्याच्या ताकदीबाहेर गेला की तो केवळ खरखरत नाही, तर त्या दोन सुरांतून नवेच सूर काढतो. समजा आसेची तार 400 हर्ट्झवर आहे आणि तुम्ही मींड 500 वरून 600 पर्यंत नेली. फाटणारा अ‍ॅम्प त्यांच्या वजाबाकीचा सूरही वाजवतो, आणि तो 100 वरून 200 वर जातो, म्हणजे थेट एक सप्तक चढतो. त्याच वेळी आसेच्या दुपटीतून हलता सूर वजा होऊन आणखी एक भूत निघतं, ते 300 वरून 200 वर उतरतं. तुम्ही एक मींड घेतली आणि मंडपात तीन ऐकू आल्या, त्यातली एक उलट्या दिशेची. लोकांना हे आकडे कळत नाहीत, पण ‘बेंजो चिरकतोय’ एवढं बरोबर कळतं. पॅडल स्टीलवाले, म्हणजे पायाच्या पॅडलांनी तारांचे सूर बदलणारी स्टील गिटार वाजवणारे, तर त्याशिवाय पायाखाली व्हॉल्यूम पॅडलही ठेवतात. सूर छेडताना ते अर्ध्यावर धरतात आणि सूर विझू लागला की दाबत नेतात. त्या शेवटच्या दाबाला अ‍ॅम्पकडे शिल्लक ताकद नसेल तर सगळी कारागिरी वाया जाते. हवाईयन गिटारवरचा लांब सूर टिकवायला हीच युक्ती उपयोगी पडते.

ही शिल्लक ताकद वॅटमध्ये मिळते, आणि वॅटचा हिशेब आपण समजतो तसा नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने चढतो. कान म्हणतो, थोडा वाढला. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. नखीने छेडलेल्या तारेचा पहिला ठोका सरासरी आवाजाच्या दहा डेसिबल तरी वर जातो. त्यामुळे सरासरी दहा वॅटवर वाजवणाऱ्यालाही शंभर वॅटची सोय लागते. आता यात स्पीकर आणा. प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या कागदावर एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो ते छापलेलं असतं. तो आकडा 97 असेल तर शंभर वॅटला 117 मिळतात. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गळतात, म्हणजे सोळा मीटरवर, मंडपाच्या मागच्या रांगेत, उरले 93. शेजारी नाशिक ढोल असेल तर तेवढ्यात बेंजो बुडतो. तीन डेसिबल वाढवायचे तर दोनशे वॅटचा अ‍ॅम्प घ्या, किंवा 97 ऐवजी 100 चा स्पीकर बसवा. परिणाम तोच, आणि दुसरा मार्ग बहुतेक वेळा स्वस्त. अ‍ॅम्पच्या दुकानात उभं राहून स्पीकरचा कागद मागणारा गिऱ्हाईक क्वचित दिसतो, आणि बहुतेकांचे पैसे तिथेच चुकीच्या खिशात जातात. वॅट विचारताना आरएमएसच विचारा. खोक्यावर पीएमपीओ म्हणून जे हजारोंचे आकडे छापतात त्यांना कसलाही अर्थ नसतो.

हे माझं खाजगी गणित नाही. स्टील गिटारच्या जगाने तेच करून दाखवलं आहे. विजेवर वाजणारी पहिली यशस्वी गिटार मांडीवरचीच होती. 1932 साली रिकनबॅकरने विकायला काढलेली तव्याच्या आकाराची ती गिटार लोखंडी रुळाने वाजवायची. लिओ फेंडरने 1945 च्या सुमारास धंदा सुरू केला तोही मांडीवरच्या स्टील गिटारी आणि त्यांच्यासोबतच्या छोट्या अ‍ॅम्पवर. म्हणजे गिटारचा अ‍ॅम्प ही वस्तूच स्टीलवाल्यांच्या गरजेतून आली. पुढे पॅडल स्टीलवाल्यांना व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची ताकद अपुरी पडू लागली. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब 85 वॅटचा, वजन 29 किलोच्या आसपास, आणि तरी मोठ्या कार्यक्रमात तो फाटण्याच्या उंबरठ्यावर येई. मग मिसिसिपीतल्या पीव्ही कंपनीने ट्रान्झिस्टरचा, 210 वॅटचा, पंधरा इंची स्पीकरचा नॅशव्हिल 400 काढला. कारखान्यात बनलेला, दिसायला काळी पेटी, रुबाब शून्य. पण कंट्री संगीतात पोटासाठी रोज वाजवणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला आणि आजही जुने नॅशव्हिल 400 दुरुस्त करून वाजवले जातात. हाती बनावटीच्या आजच्या नावांकडे पाहिलं तरी हाच कल दिसतो. मिल्कमन या अ‍ॅम्प कंपनीचा टिम मार्कस स्वतः पॅडल स्टील वाजवतो. क्विल्टर कंपनीचा पॅट क्विल्टर हा क्यूएससी या मोठ्या अ‍ॅम्पलिफायर कंपनीच्या संस्थापकांपैकी. त्याने स्टीलसाठी काढलेला अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा नाही, हलक्या क्लास-डी तंत्राचा आहे. फेंडरने 2019 मध्ये ट्विनचा टोन मास्टर हा डिजिटल अवतार आणला. त्याचं वजन जवळपास निम्मं आहे, आणि व्हॉल्व्हच्या 85 वॅटची बरोबरी करायला त्यात 200 वॅटचा डिजिटल पॉवर विभाग बसवला आहे. ज्यांचं पोट स्टीलवर आहे ते शेवटी स्वच्छ वॅट आणि कमी वजन यांकडेच वळले. व्हिडिओत मात्र व्हॉल्व्ह चमकतात, कारण ते दिसतात छान.

मग हाती बनावटीच्या अ‍ॅम्पला एवढे पैसे कशाचे पडतात? फसवणूक म्हणून नव्हे. चांगला ट्रान्सफॉर्मर महाग असतो, जाड लाकडाची सांधेजोड पेटी महाग असते, आणि छापील बोर्डाऐवजी एकेक तार हाताने डाख देऊन जोडायला अमेरिकन कारागिराचे दिवस जातात. तिथल्या मजुरीने ते दिवस मोजावे लागतात. वर्षाला थोडेच नग निघत असल्याने जाहिरात, हमी, कर्जाचं व्याज हे सगळं त्या थोड्यांवर पडतं. पण यातली बरीचशी सर्किटं 1950-60 च्या दशकांतल्या फेंडरच्या आराखड्यांवरूनच आलेली आहेत हेही लक्षात असू द्या. आराखडा जुना, सुटे भाग बाजारातले, किंमत श्रमाची आणि नावाची. नाव किती चढतं याचा टोकाचा नमुना म्हणजे अलेक्झांडर डंबल. हा कॅलिफोर्नियातला कारागीर 2022 मध्ये वारला, आणि त्याचे जुने अ‍ॅम्प आज लाख डॉलरच्याही वर विकले जातात. तिथे अ‍ॅम्प वाजवायची वस्तू उरत नाही, जमिनीचा तुकडा होतो.

हाताने बांधलेला म्हणजे चांगला, या समजुतीचं आपल्याकडे तर विशेष नवल वाटायला हवं, कारण आपल्याकडचे निम्मे अ‍ॅम्प हातानेच बांधलेले असतात. उल्हासनगर-कल्याणला किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, कॅबिनेट आणि 5200-1943 च्या ट्रान्झिस्टर जोड्या विकत घेऊन गावातला साउंडवाला अ‍ॅम्प असेंबल करतो. तोही हस्तकलाच आहे. त्यातले काही वर्षानुवर्षं हूं की चूं करत नाहीत, आणि काही पहिल्याच हळदीत स्पीकर जाळून बसतात. फरक हातात नाही. हीट सिंक पुरेसं मोठं आहे का, आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर स्पीकरपर्यंत डीसी जाऊ न देणारं प्रोटेक्शन बसवलं आहे का, फ्यूज योग्य अँपिअरचा आहे की तारेचा तुकडा गुंडाळलाय, तीन पिनांची अर्थिंग कॅबिनेटला खरोखर जोडली आहे का, ट्रान्झिस्टर अस्सल आहेत की नावाचा छापा मारलेले, इथे फरक असतो. परदेशी कारागिराकडे हे सगळं नीट असतं, म्हणून त्याचा अ‍ॅम्प टिकतो. हेच चार-पाच मुद्दे धरून आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून चांगला नग बांधून घेता येतो, आणि मेकॅनिक कबूल करत नसेल तर कंपनीचा साधा अ‍ॅम्प घ्यावा. असेंबल नग घेताना झाकण उघडायला लावा. जो उघडत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आता परदेशी अ‍ॅम्प इथे आणण्याचा खर्च. अडीच हजार डॉलरचा नग, डॉलर 85 रुपयांनी धरला तरी 2,12,500 रुपये होतात. त्यात विमानाचं भाडं आणि विमा मिळवायचा, त्या बेरजेवर आयात शुल्क, आणि शुल्कासकट झालेल्या बेरजेवर आयजीएसटी. कर करावर चढतो. दर बदलत असतात म्हणून आकडा देत नाही. मागवण्याआधी कुरिअर कंपनीकडून लेखी अंदाज घ्या. तीन लाखांच्या आसपास नग पडेल असं धरून चालायला हरकत नाही. पण खरी अडचण पैसे भरल्यानंतर सुरू होते. अमेरिकेतली वीज 120 व्होल्ट, 60 सायकलची. आपली 230 व्होल्ट, 50 सायकलची. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, सायकल जुळत नाहीत. केवळ 60 सायकलसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर 50 वर जास्त तापतो आणि काटकसरीने बनवला असेल तर जळतो. निर्यातीसाठी बनवलेला 230 व्होल्टचा नग मागितला तर हा प्रश्न सुटतो, मात्र मग तो तिकडे परत विकता येत नाही. त्याहून मोठी गोष्ट गावच्या विजेची. संध्याकाळी सगळीकडे दिवे, पंखे, पंप सुरू झाले की 230 चा आकडा खाली घसरतो. मंडपात जनरेटर असेल तर मोठा भार अचानक सुटल्यावर तो वर उडी मारतो. वीज दहा टक्के पडली तर व्हॉल्व्हचा 6.3 व्होल्टचा हीटर 5.7 वर येतो, वरचं उच्च दाबाचं व्होल्टेजही तेवढंच पडतं, आणि अ‍ॅम्पची स्वच्छ ताकद सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तीन लाख मोजले तीच ऐन हळदीच्या वेळी गायब. आताच्या काही क्लास-डी अ‍ॅम्पच्या पाठीवर 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असतं. ते ही चढउतार सहज पचवतात.

व्हॉल्व्हचीही एक बाजू सांगायला हवी. ते झिजतात आणि बदलावे लागतात. आपली बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी एके काळी व्हॉल्व्ह बनवत असे. आता ऑडिओचे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. 2022 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर रशियन माल काही काळ अडला तेव्हा जगभर भाव उडाले होते. शहापुरात किंवा मुरबाडला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प उघडणारा माणूस शोधत बसण्यापेक्षा थेट मुंबई गाठलेली बरी, आणि आपण स्वतः तर तो मुळीच उघडू नये: आत चारशे व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहतो. माणूस मरतो त्याने. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प शुक्रवारी गेला तर कल्याणहून भाग आणून शनिवारच्या सुपारीला उभा करता येतो. ज्याचा मोसम पाच-सहा महिन्यांचा आहे त्याच्यासाठी ही सोय आवाजाच्या गोडव्याइतकीच मोलाची धरली पाहिजे.

मग पैसे कुठे घालावेत? पहिली जागा वाद्यातच आहे. बेंजोचा किंवा हवाईयन गिटारचा साधा पिकअप सरळ मिक्सरच्या माइकच्या भोकात घालतात, ही आपल्याकडची सर्वांत सार्वत्रिक चूक. अशा पिकअपला पुढे दहा लाख ओहमच्या आसपासची वाट लागते. मिक्सरचा माइक इनपुट दोन-तीन हजार ओहमचा असतो. परिणाम असा की वरचे सूर मरतात, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो, मग साउंडवाला ट्रेबल चढवतो आणि शिट्टी सुरू होते. यावर उपाय म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स. दोन-चार हजारांत मिळतो, खिशाएवढा असतो, आणि त्याने जो फरक पडतो तो पुष्कळदा अ‍ॅम्प बदलूनही पडत नाही. दुसरी जागा गुणगुणीची. एका कॉइलचा पिकअप आसपासच्या तारांमधली 50 सायकलची वीज पकडतो. लायटिंगच्या माळांपासून आणि ट्रान्सफॉर्मरपासून वाद्य दोन हात लांब ठेवा, पिकअपच्या पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडा, आणि जनरेटरवर असताना जमिनीत अर्थिंगची सळई ठोकल्याची खात्री करा. गुणगुण घालवायला प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याची खोड अनेकांना आहे. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून तारांना हात लावणाऱ्याने ती कधीही करू नये. तिसरी जागा वायर: चांगल्या जॅकच्या दोन वायरी, एक चालू आणि एक पिशवीत. या तिन्हींनंतर स्पीकर, आणि अ‍ॅम्प त्याच्यानंतर.

स्पीकरच्या बाबतीत बेंजोला बारा इंची पुरतो. हवाईयन गिटारच्या जाड तारांना पंधरा इंची स्पीकर खुलवतो, म्हणूनच नॅशव्हिल 400 मध्ये तो होता. सार्वजनिक भाषणांचे जे अ‍ॅम्प मंदिरांत आणि ग्रामपंचायतींत असतात, त्यांच्या मागे 70 किंवा 100 व्होल्टची लाइन असते. ती लांबवरच्या कर्ण्यांसाठी आहे. तुमचा चार किंवा आठ ओहमचा स्पीकर तिला जोडू नका, चार-आठ ओहमच्याच खुणेला जोडा. आणि कर्ण्याचा युनिट माणसाच्या बोलण्यासाठी असतो. त्यातून कुठल्याही अ‍ॅम्पने बेंजो गोड लागणार नाही.

आक्षेप येतील ते मला दिसतात. पहिला आणि सर्वांत सच्चा आक्षेप असा की आकडे काहीही म्हणोत, चांगल्या अ‍ॅम्पवर हात वेगळाच चालतो. वादकाला स्वतःचा आवाज आवडला की तो चांगलं वाजवतो. हे खरं आहे. प्रश्न एवढाच की तो आवाज कुणापर्यंत पोचतो. मंडपात चारशे माणसं जे ऐकतात ते साउंडवाल्याच्या टॉप आणि बेसमधून येतं. तुमचा अ‍ॅम्प तुमच्या पायाशी असतो आणि तो मुख्यतः तुम्हीच ऐकता. त्यासाठी जे लागतं ते स्टेजवरचा एक बरा मॉनिटर देऊ शकतो. आणि कान फसतो हेही विसरू नये. किंमत ठाऊक असलेली वस्तू गोड लागते. म्हणून दोन अ‍ॅम्पची तुलना करायची असेल तर मित्राला मागे उभं करून अदलाबदल करायला सांगा, तुम्ही पाठ फिरवून वाजवा, आणि दोन्हींचा आवाज आधी अगदी समान करून घ्या. मोबाईलवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप तेवढ्यापुरतं चालतं. एक अ‍ॅम्प दीड-दोन डेसिबलने मोठा असला तरी कान त्यालाच चांगला म्हणतो.

दुसरा आक्षेप हप्त्यांचा. तीन लाखांचा अ‍ॅम्प दहा वर्षं चालला आणि मोसमात चाळीस सुपाऱ्या धरल्या तर चारशे सुपाऱ्या, म्हणजे एका सुपारीला साडेसातशे रुपये. एवढं तर जेवणावर जातं, असं कुणी म्हणेल. हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच. चाळीस हजारांत नीट जमवलेला संच त्याच हिशेबाने सुपारीला शंभर रुपये पडतो. उरलेले साडेसहाशे रुपये एका वादकाच्या वाट्यातून दरवेळी जातात, आणि पार्टी ठरवणारा वरबाप त्या अ‍ॅम्पमुळे बिदागीत एक रुपया वाढवत नाही. शिवाय टेम्पोच्या हौद्यात, धसईच्या किंवा डोळखांबच्या रस्त्यांवर हिंदकळत व्हॉल्व्ह दहा वर्षं काढतील हे गृहीत धरणं धाडसाचं आहे. 29 किलोची पेटी आसनगावच्या पुलावरून चढवून कसारा लोकलमध्ये घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. काही जण पुनर्विक्रीचा मुद्दा काढतात: नावाजलेले अ‍ॅम्प किंमत टिकवतात. अमेरिकेत टिकवतात, कारण तिथे घेणारे आहेत. आपल्याकडे अशा वस्तूचा बाजार लहान आहे, आणि गरजेला विकायला निघालेल्याला पडेल तो भाव घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट ताकदीबद्दल. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई करतात; राज्य सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देतं. वस्तीत मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची आहे. हळदीत ती पाळली जाते असा माझा दावा नाही. पण आवाज वाढवण्यासाठी अधिक वॅट घ्यायचे नाहीत, कमी आवाजातही ठोका न फाटता यावा म्हणून घ्यायचे.

मग हाती बनावटीचा महागडा अ‍ॅम्प कुणी घ्यावा? ज्याचं वाजवणं बंद सभागृहात, साउंडवाल्याच्या संचाशिवाय चालतं. जो स्टुडिओत ध्वनिमुद्रणं करतो आणि अ‍ॅम्पसमोर माइक लावतो. ज्याच्या घरची वीज स्थिर आहे आणि मुंबईला फेऱ्या होतातच. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी मुंबईच्या चित्रपट संगीतात विजेवरची हवाईयन गिटार घराघरांत पोचवली ती स्टुडिओच्या शांततेतून. ज्याला तो रंग हवा आहे आणि तो मुद्रित करायचा आहे, त्याच्यासाठी अ‍ॅम्पच्या आवाजातले बारकावे खरोखर ऐकू जातात, आणि त्याला हा खर्च शोभतो. राग वाजवणाऱ्याचं गणित तिसरंच: ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर जी आलापीची वाट पाडली, तिच्यावरून आज चालणारे बरेच जण पोकळ पेटीची गिटार माइकसमोर वाजवतात. त्यांनी अ‍ॅम्प सोडून चांगल्या माइकवर पैसे घालावेत. आणि मधला मार्ग म्हणून पाच-सहा वादकांनी मिळून एक चांगला क्लास-डी अ‍ॅम्प घेतला आणि ज्याची सुपारी त्याने नेला, तर कुणालाच जड पडत नाही. फक्त मोडला तर दुरुस्ती कुणाची हे आधी कागदावर लिहून घ्यावं.

काहीही घेतलं तरी पावसाळ्याची सोय करा. भातसा-तानसाच्या खोऱ्यात जूनपासून चार महिने हवेत जी ओल असते, ती कुठल्याच किमतीच्या अ‍ॅम्पला सोडत नाही. स्पीकरचा कागदी कोन फुगतो, जॅकवर हिरवट थर चढतो, पॉटमध्ये खरखर येते. गौरी-गणपतीपर्यंत पेटी कोपऱ्यात झाकून ठेवून देणं हीच तिची सर्वांत मोठी हेळसांड. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा म्हणजे आतली ओल सुकते. जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका.

खरेदीला जाताना स्वतःचं वाद्य, स्वतःची वायर आणि व्हॉल्यूम पॅडल असेल तर तेही घेऊन जा. दुकानात आसेच्या तारा मोकळ्या सोडून एक लांब मींड घ्या, आवाज हळूहळू वाढवत न्या, आणि ज्या खुणेवर दुसरा भलता सूर ऐकू येतो तिथे थांबा. ती खूण अर्ध्याच्या वर असेल आणि विकणारा आरएमएस वॅट, स्पीकरचा डेसिबलचा आकडा आणि दुरुस्ती कुठे होते या तीन प्रश्नांची उत्तरं पावतीवर लिहून देत असेल, तर तो अ‍ॅम्प घ्या. नसेल तर पैसे खिशात ठेवून डीआय बॉक्स घेऊन घरी या.